आजीचे पाऊल, नातवंडाचे पाऊल

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या महिन्याच्या सदरात आजी आणि नातवंड यांच्या नात्यावर बेतलेल्या अ‍ॅनिमेशन लघुपटांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सगळे सदर त्याच एका विषयाला द्यावे असे मी ठरवले. पत्रलेखकांमध्ये अ‍ॅनिमेशन शिकणारे विद्यार्थी आहेत, आईवडील आहेत आणि एक आजीही आहेत. बरीच पत्रे लांब असल्यामुळे त्यांतला प्रश्न तेवढा थोडक्यात दिला आहे आणि पत्रलेखकांची नावे मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजी आणि तिचा चार वर्षांचा नातू यांच्यावर पाच मिनिटांचा लघुपट करत आहे. त्याचा स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची क्रमाने काढलेली कच्ची चित्रे, पाहून सगळे ‘छान आहे’ असे म्हणतात, पण कोणाच्याही मनाला तो भिडत नाही. दोघांचे हसणे, मिठी, आजीच्या डोळ्यांत आलेले पाणी हे सगळे मी दाखवले आहे. मग कमी काय पडते आहे? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही जिव्हाळ्याची फळे दाखवली आहेत, झाड दाखवलेले नाही. मिठी आणि डोळ्यांतले पाणी ही त्या दोघांच्या चार वर्षांच्या सहवासाची कमाई आहे, आणि प्रेक्षक तर त्यांना पहिल्यांदाच भेटतो आहे. पडद्यावरची माणसे रडू लागली म्हणून त्याने का रडावे? पाच मिनिटांत त्याला या दोघांच्या सहवासात बसवायचे असेल, तर दोघांच्या हाती एखादे साधे काम द्या आणि ते काम होत असताना त्यांच्या गतींमधला फरक दिसू द्या. माझ्या मते आजी-नातवंडाच्या नात्याचे मर्म या फरकात आहे, आणि ते दाखवण्यासाठी अ‍ॅनिमेशनइतके योग्य माध्यम दुसरे नाही, कारण इथे प्रत्येक हालचालीला किती वेळ द्यायचा हे आपण स्वतः, फ्रेम, म्हणजे पडद्यावर येणारे एकेक स्थिर चित्र, मोजून ठरवत असतो.

हिशेबच मांडून पाहू. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर झपाझप चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या एका पावलाला साधारण 12 फ्रेम लागतात. थकलेल्या किंवा वृद्ध माणसाच्या पावलाला 20 फ्रेम द्याव्यात असा आमच्याकडचा ठोकताळा आहे, आणि दुडक्या चालीने पळणाऱ्या मुलाला 8 फ्रेम पुरतात. आता आजी आणि नातू एकाच फ्रेमला निघाले असे समजा. चाळिसाव्या फ्रेमला, म्हणजे पावणेदोन सेकंदांच्याही आत, आजीचे दुसरे पाऊल टेकते आणि त्याच क्षणी नातवाचे पाचवे पाऊल टेकते. मधल्या सगळ्या वेळात दोघांचे ताल एकमेकांना छेद देत राहतात. ही विसंगती तुम्ही नीट रेखाटली, तर प्रेक्षकाला आकडे कळणार नाहीत, पण दोन वयांतले अंतर त्याला जाणवेल. मग एका शॉटमध्ये नातू पुढे धावत जाऊन थबकतो, मागे वळून पाहतो आणि पुढच्या पावलांना 8 ऐवजी 14 फ्रेम देऊ लागतो. त्याला कोणी सांगितलेले नाही, आजीने हाकही मारलेली नाही. ‘तो तिच्यावर माया करतो’ हे वाक्य तुम्हाला मग कुठेही लिहावे लागणार नाही.

जिन्याचे उदाहरण मला यापेक्षाही जवळचे वाटते. दोन-अडीच वर्षांचे मूल जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवते आणि मगच पुढची पायरी घेते. एकाआड एक पाऊल टाकत चढणे साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जमू लागते आणि तसेच उतरणे त्याहून उशिरा येते. गुडघे दुखणारी आजीसुद्धा एका पायरीवर दोन्ही पाय टेकवूनच चढते. कारणे अगदी उलट आहेत, एकाला अजून जमत नाही आणि दुसरीला आता जमत नाही, पण काही महिन्यांपुरती दोघांची चढण्याची रीत हुबेहूब सारखी असते. कठड्याच्या दोन गजांमधून दिसणारी ती दोन जोड पावले मी कितीतरी वेळ पाहत उभा राहिलो आहे : लहान पाय, शेजारी लहान पाय, मोठा पाय, शेजारी मोठा पाय, मग दोघांचीही जराशी विश्रांती. तुमचा नातू चार वर्षांचा आहे, म्हणजे त्याचे हे दिवस नुकतेच सरले आहेत. तो आता भराभरा चढू शकतो. आजीबरोबर असताना मात्र तो पुन्हा पूर्वीसारखा, पायरीपायरीवर दोन्ही पाय टेकवत चढतो, एवढेच दाखवा आणि पाहा काय होते ते.

थांबण्याला भिऊ नका. विद्यार्थ्यांचे स्टोरीबोर्ड पाहताना मला हमखास आढळणारी उणीव ही, की पात्र काहीतरी करत नसेल तर तो वेळ वाया गेला असे त्यांना वाटते. नातू सुईत दोरा ओवतो आहे, कारण आजीला जवळचे दिसत नाही. दोऱ्याचे टोक तीनदा चुकते. त्या वेळी आजी काय करते? ती सुई हातात घेत नाही. तिचा हात थोडा पुढे येतो आणि परत मांडीवर जातो. या हाताला तुम्ही किती फ्रेम पुढे नेता, हवेत किती फ्रेम ठेवता आणि किती हळू मागे आणता यावर तुमचा लघुपट उभा राहील किंवा पडेल. माझ्या एका जुन्या लघुपटात अशाच एका जागी मी अर्ध्या सेकंदाचा होल्ड, म्हणजे पात्र जागच्या जागी थांबलेले दाखवण्याचा वेळ, ठेवला होता आणि तो दृश्यभाग निर्जीव वाटत होता. संकलनात तो होल्ड दोन सेकंदांचा केला, बाकी एकही रेषा बदलली नाही, आणि तेच दृश्य जिवंत झाले.

एक तांत्रिक सूचना करतो. हाताने रेखाटलेल्या चित्राचा होल्ड एकच चित्र ठेवूनही चालतो, पण तेच चित्र तीनदा गिरवून ती तीन चित्रे फिरवत ठेवली, तर रेषा किंचित थरथरत राहते, पात्र श्वास घेते आहे असे वाटते. आम्ही याला ‘बॉइल’ म्हणतो. संगणकावर त्रिमितीत काम करत असाल, तर पूर्ण स्थिर ठेवलेले पात्र मेल्यासारखे दिसते, म्हणून तिथे अगदी सूक्ष्म हालचाल चालू ठेवावी लागते. दोन्हीकडे नजर आधी वळते आणि मान त्यानंतर काही फ्रेमनी वळते हे विसरू नका.

‘दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी’ असे आपण सहज म्हणून जातो आणि ते खोटे नाही. मात्र पटकथा लिहिताना या म्हणीचा एक तोटा होतो. आजी म्हणजे फक्त माया देणारी आणि नातवंड म्हणजे फक्त माया घेणारे, अशी वाटणी होऊन बसते. सुईचे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण तिथे गरज आजीची आहे आणि तीक्ष्ण डोळे नातवाचे आहेत. प्रत्येक दृश्याला ‘इथे कोण कोणाला सांभाळते आहे?’ असे विचारा. पाचही मिनिटे त्याचे एकच उत्तर येत असेल, तर पटकथा पुन्हा लिहायला घ्या.

प्रश्न : आजीचे पात्र काढायचे म्हटले की वाकलेली पाठ, काठी, चष्मा आणि पांढरा अंबाडा हेच हाताला येते. ती व्यंगचित्रासारखी होऊ नये यासाठी काय करावे? – चित्रकलेचे एक शिक्षक

उत्तर : वय कपड्यांत आणि वस्तूंत शोधू नका, हालचालींत शोधा. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे उंची थोडी कमी होते आणि धड पायांच्या मानाने आखूड दिसू लागते. पाऊल जमिनीपासून कमी उचलले जाते, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ वाढतो, आणि वळायचे असेल तर तरुण माणूस टाचेवर गर्रकन वळतो तिथे वृद्ध व्यक्ती चार-पाच छोट्या पावलांत सगळे शरीर वळवून घेते. चष्मा आणि काठी काढून टाकली तरी केवळ या वळण्यावरून ती आजी आहे हे ओळखू येते.

खुर्चीतून उठण्याची क्रिया एकदा लक्षपूर्वक पाहा. आजी आधी खुर्चीच्या कडेला सरकते, पाय मागे घेते, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवते, पुढे झुकते, तिथे क्षणभर थांबते आणि मग उठते. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वे सांगितली आहेत. त्यांतले एक तत्त्व पूर्वतयारीचे आहे : मुख्य हालचालीच्या आधी तिची चाहूल देणारी उलट्या दिशेची छोटी हालचाल. वृद्धांच्या बाबतीत ही पूर्वतयारी मुख्य हालचालीपेक्षाही लांब असू शकते. लहान मुलात ती जवळजवळ नसतेच. मूल बसलेले असते आणि पुढच्या क्षणी ते दारात असते.

नातवंडाच्या चेहऱ्याबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोठे कपाळ, चेहऱ्याच्या खालच्या भागात आलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल या ठेवणीमुळे मोठ्या माणसांच्या मनात जपण्याची भावना जागी होते, हा विचार कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने 1943 साली मांडला. अ‍ॅनिमेशनवाल्यांनी त्याचा इतका वापर केला आहे, की प्रत्येक मूल एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटू लागते. त्याऐवजी एक खूण अशी ठेवा, की जी आजीतही आहे आणि नातवंडातही आहे. अंगठ्याचा आकार, भुवई उचलण्याची ढब, बसताना एक पाय दुमडून घेण्याची सवय, काहीही चालेल. ती खूण संवादातून सांगू नका. पाहणाऱ्याला तिची ओळख आपसूक पटू द्या.

प्रश्न : अशा लघुपटांत संवाद का नसतात? आजी म्हटली की बोलणे आलेच. – एक वाचक

उत्तर : व्यावहारिक कारणे दोन आहेत. मुके लघुपट कोणत्याही भाषेच्या प्रेक्षकाला दाखवता येतात, आणि ओठांची हालचाल शब्दांशी जुळवण्याचे किचकट काम वाचते. पण तुमच्या आक्षेपात तथ्य आहे. मुकेपणा हा आता एक शिरस्ता झाला आहे, आणि आजीचे बोलणे ही तिच्या व्यक्तित्वाची अर्धी बाजू असते. गोष्ट सांगणाऱ्या आजीला मुके करून तिच्या जागी हळवे पियानोवादन घालणे मला पटत नाही. ज्या कथेत हातांचे काम मुख्य आहे, तिथे शब्द नकोत. ज्या कथेत ‘गोष्ट सांगणे’ हेच दोघांना बांधणारे सूत्र आहे, तिथे आजीचा खरा आवाज हवा, तिच्या धापेसकट हवा, आणि नातवंडाचा हुंकारही हवा. हुंकार देणारे कोणी नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही हे आपण सगळे लहानपणापासून जाणतो.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीने एक लघुपट पाहिला. त्यात शेवटी आजी वारते. ती खूप रडली आणि रात्री ‘माझी आजीपण जाणार का?’ असे विचारत राहिली. मी तो मध्येच बंद करायला हवा होता का? – एक आई

उत्तर : बंद करायला हवा होता असे मला वाटत नाही. मात्र असा लघुपट मुलांनी एकट्याने पाहू नये, शेजारी कोणीतरी असावे. मेलेले माणूस परत येत नाही आणि मरण सगळ्यांनाच आहे, ही समज बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वर्षांत हळूहळू येते. तुमची मुलगी नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. तिचा प्रश्न लघुपटाने निर्माण केलेला नाही, तो तिच्या मनात येणारच होता. लघुपटाने त्याला एक प्रसंग दिला आणि तो प्रश्न तिने तुमच्याकडे आणला, ही चांगली गोष्ट आहे.

तिला खरे आणि थोडके उत्तर द्या. ‘हो, सगळी माणसे कधीतरी जातात, बहुतेक खूप म्हातारी झाल्यावर. आजी आत्ता बरी आहे आणि उद्या तुझ्याशी बोलणार आहे,’ एवढे पुरे. ‘आजी झोपली’ किंवा ‘लांबच्या प्रवासाला गेली’ असे कृपा करून सांगू नका. त्यामुळे काही मुलांना झोपेचीच भीती वाटू लागते आणि काही मुले परतीची वाट पाहत राहतात. जमल्यास तो लघुपट आजीच्या मांडीवर बसून पुन्हा एकदा पाहू द्या. दुसऱ्यांदा पाहताना शेवट माहीत असतो, त्यामुळे मुलांचे लक्ष आधीच्या भागाकडे जाते, आणि तिथेच सगळा आनंद असतो.

याच निमित्ताने लघुपट करणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते. आजीच्या मृत्यूवर संपणारे लघुपट मी इतके पाहिले आहेत, की पहिल्या मिनिटालाच रिकाम्या खुर्चीची वाट पाहू लागतो. मृत्यू कथेत असायला हरकत नाही, पण आधीच्या चार मिनिटांत जे उभे करता आले नाही ते शेवटच्या तीस सेकंदांत डोळ्यांतून पाणी काढून भरून घेणे हा प्रेक्षकावर अन्याय आहे. आजी जिवंत असतानाचे नाते दाखवणे जास्त अवघड आहे, म्हणून ते करून पाहावे.

प्रश्न : या विषयावरचे कोणते लघुपट आवर्जून पाहावेत? – तीन वाचकांनी विचारलेला प्रश्न

उत्तर : लांबलचक यादी देत नाही, एकमेकांपासून अगदी वेगळे असे तीनच सांगतो.

पिक्सार या अमेरिकी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या ‘स्पार्कशॉर्ट्स’ या उपक्रमात कर्मचाऱ्यांना मर्यादित पैसा आणि सहा महिन्यांची मुदत देऊन स्वतःचा लघुपट करू देतात. त्यातला एडविन चँग यांचा ‘विंड’ 2019 साली आला. एका अथांग विवरात आजी आणि नातू अडकले आहेत, आजूबाजूला तरंगणाऱ्या भंगारातून उपयोगाचे तेवढे ओढून घेत ते बाहेर पडण्याची खटपट करतात. त्यात संवाद नाहीत. दोघांच्या हाती काम देण्याबद्दल मी वर जे म्हटले, त्याचा याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही.

टोरिल कोवे यांचा ‘माय ग्रँडमदर आयर्न्ड द किंग्ज शर्ट्स’ हा 1999 सालचा लघुपट कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या सहनिर्मितीतला आहे आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. नात सांगते आहे की तिची आजी नॉर्वेच्या राजाचे शर्ट इस्त्री करत असे, आणि पुढे महायुद्धात देश शत्रूच्या ताब्यात गेल्यावर इस्त्रीवाल्या बायकांनी आपल्या कामातूनच शत्रूला कसे हैराण केले. इथे आजी-नात एकमेकींना मिठी मारत नाहीत. आजीची गोष्ट नातीने उचलून आपली केली, थोडी वाढवूनही सांगितली, एवढ्यातून त्यांचे नाते दिसते. संवाद नसण्याबद्दल तक्रार करणाऱ्या वाचकांना हा नक्की आवडेल.

तिसरा आयर्लंडचा ‘ग्रॅनी ओग्रिम्स स्लीपिंग ब्यूटी’, निकी फेलन यांचा, 2008 सालचा. हाही ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला होता. आजी अंथरुणात भेदरून बसलेल्या नातीला झोपताना परीकथा सांगू लागते आणि सांगता सांगता स्वतःच्या मनातला म्हातारपणाबद्दलचा सगळा राग त्या कथेत ओतते. गोड आजीचा कंटाळा आलेल्यांनी तो पाहावा. अगदी लहान मुलांना मात्र दाखवू नये, ती घाबरतील.

प्रश्न : लघुपट किती लांबीचा असावा? – एक विद्यार्थी

उत्तर : ऑस्करच्या नियमाप्रमाणे श्रेयनामावलीसह 40 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो, पण तुमच्या हिशेबाशी त्याचा संबंध नाही. पाच मिनिटे म्हणजे 300 सेकंद, म्हणजे 7200 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमना ठेवले तरी 3600 चित्रे झाली, आणि दोन पात्रे वेगवेगळ्या थरांवर असतील तर त्याहून अधिक. एकट्याने करणार असाल तर तीन मिनिटांत बसणारी कथा निवडा.

प्रश्न : माझ्या पटकथेतली आजी हळूहळू सगळे विसरत जाते. हे खरे वाटेल असे कसे दाखवावे? – एक लेखिका

उत्तर : स्मृतिभ्रंशात सहसा अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात आणि जुन्या मागे राहतात. वर्षानुवर्षे हातांना लागलेल्या सवयी तर पुष्कळदा आणखी टिकतात. म्हणून आजीला एकदम कोरी पाटी करू नका. ती नातीला तिच्या आईच्या नावाने हाक मारील, तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलेल, पण नातीची वेणी मात्र तिची बोटे न चुकता घालतील. नात पहिल्यांदा आजीची चूक दुरुस्त करते आणि पुढे एके दिवशी आईच्या नावाच्या हाकेलाच ‘ओ’ देते, या दोन प्रसंगांमध्ये तुमची सगळी कथा मावते. रंग उडत जाणारी पार्श्वभूमी किंवा हवेत विरून जाणारे चेहरे फार वापरले गेले आहेत, ते टाळलेले बरे.

प्रश्न : माझे वय 71. नातू सात वर्षांचा आहे आणि तो दुसऱ्या देशात राहतो. फोनवर दोन मिनिटांत आमचे बोलणे संपते, मग तो कंटाळतो. त्याला कार्टूनचे फार वेड आहे. आम्हां दोघांना मिळून असा एखादा छोटासा चित्रपट करता येईल का? मला चित्र अजिबात काढता येत नाही. – एक आजी

उत्तर : आजी, आपले पत्र मी दोनदा वाचले आणि सगळ्यांत जास्त जागा आपल्याला द्यायची असे ठरवले होते, पण पहिल्या प्रश्नाने ती आधीच खाल्ली. तरी सांगायचे ते पूर्ण सांगतो. होय, नक्की करता येईल आणि चित्र काढता येण्याची गरज नाही.

आरंभ आवाजापासून करावा. संवाद असलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये सहसा आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात आणि हालचाल त्यावर बेततात, तेव्हा आपणही तसेच करू. त्याच्याशी फोनवर बोलताना आपल्या लहानपणीची एक छोटी गोष्ट सांगा, मिनिटभराची, जिच्यात एखादी वस्तू हरवते आणि सापडते. समजा, एक बटण. घरातल्या कोणाला तरी हे बोलणे ध्वनिमुद्रित करायला सांगा. तो मध्येच ‘मग?’ म्हणेल, भलताच प्रश्न विचारील, हसेल. त्यातले काहीही कापू नका. ते मधले प्रश्नच पुढे आपल्याला हवे आहेत.

आता चित्रीकरणाचे पाहू. टेबलावर एक साधा रंगीत कागद पसरा आणि फोन वरून खाली पाहील असा घट्ट बांधून घ्या. दोन उंच डबे आणि त्यांवर आडवी पट्टी ठेवूनही भागते. फोन एका केसानेही हलता कामा नये. खिडकीचा उजेड दर काही मिनिटांनी बदलतो आणि मग चित्रपट लुकलुकतो, म्हणून पडदे ओढून दिव्याच्या उजेडात काम करा. कॅमेऱ्याचा फोकस आणि उजेडाची पातळी स्थिर करून ठेवायची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती कोणाकडून तरी लावून घ्या. मग बटण कागदावर ठेवा, फोटो काढा, बटण अर्धे बोट सरकवा, फोटो काढा. सुरुवातीला आणि शेवटी कमी सरकवा, मध्ये जास्त. म्हणजे बटण दचकत न निघता हळू निघते, वेग घेते आणि हळू थांबते. सेकंदाला 12 फोटो धरले तर 240 फोटोंत वीस सेकंदांचा चित्रपट होतो. एका बैठकीत चाळीस-पन्नास फोटो काढावेत आणि उठावे. मान दुखेपर्यंत बसू नये. फोटोंची अशी माळ ओवून त्याचा चलत्पट करणारी मोफत अ‍ॅप पुष्कळ आहेत, आणि सात वर्षांचे मूल ती आपल्यापेक्षा लवकर शिकते. ते शिकवण्याचे काम त्याच्याकडेच सोपवा. फोनवरचे बोलणे दोन मिनिटांत संपणार नाही.

एखाद्या फोटोत आपली बोटे आली तर तो फोटो काढून टाकू नका. बटणाजवळ क्षणभर चमकून जाणारी आजीची बोटे ही त्या चित्रपटातली सगळ्यांत मोलाची चौकट ठरू शकते.

आता दोन देशांतली दोन टेबले जोडायची कशी, ते सांगतो. बटण आपल्या कागदावरून सरकत सरकत उजव्या कडेने बाहेर जाऊ द्या आणि ते शेवटचे फोटो नातवाला पाठवा. त्याने तसेच एक बटण घेऊन त्याच्या कागदावर डाव्या कडेने आत आणायचे. आपण शेवटी एका फोटोत जेवढे अंतर सरकवत होता तेवढेच त्यानेही सुरुवातीला सरकवावे, आणि बटण कडेच्या ज्या उंचीवरून बाहेर पडले त्याच उंचीवरून आत यावे. ही उंची मोजण्यासाठी दोघांनीही कागदाच्या खालच्या कडेपासून पट्टी लावा, आणि मोजलेला आकडा त्याला फोनवर सांगा.